९११ एससीसाठी चाकं आणि टायर: १५ इंची, १६ इंची की आहेत तीच १७ इंची?

निळी_एससी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १९८० सालची पोर्श ९११ एससी नुकतीच माझ्याकडे आली. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा सगळं उत्तम आहे. प्रश्न चाकांचा आहे.

कारखान्यातून निघाली तेव्हा गाडीवर १५ इंची फुक्स (जर्मन कंपनी) चाकं होती, पुढे ६जे आणि मागे ७जे, म्हणजे सहा आणि सात इंच रुंद. आधीच्या मालकांनी ती काढून नंतरच्या ९११ ची १७ इंची चाकं स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून बसवली. टायर पुढे २०५/५० आर१७, मागे २३५/४५ आर१७ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचा व्यास इंचांत). मूळची चारही चाकं गाडीसोबत मिळाली आहेत, टायर नसलेली.

रस्त्याला चाकोऱ्या पडलेल्या असल्या की स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. पुढचं डावं चाक पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला घासतं. आणि लहानशा खड्ड्यातही दणका थेट पाठीपर्यंत पोचतो. माझा वापर म्हणजे लांबचे प्रवास आणि वळणावळणाचे घाटरस्ते. ट्रॅकवर जाणार नाही.

१५ वर परत जावं, की १६ इंची नवीन घ्यावीत? फुक्ससारखी दिसणारी नवी चाकं भरवशाची असतात का? आणि टायर कुठला?

वळणदार

१६ घ्या. पुढे ७जे, मागे ८जे, टायर २०५/५५ आर१६ आणि २२५/५० आर१६. एससीच्या मडगार्डखाली हे माप व्यवस्थित बसतं, चांगल्या ग्रिपचे टायरही मिळतात. १५ इंचीच्या उंच साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) गाडी वळणात घुसताना जरा उशिराने उत्तर देते. एकदा १६ वर चालवलीत की तो फरक विसरता येत नाही.

जुनं_ते_सोनं

मूळ चाकं हाताशी असताना दुसरी कशाला शोधायची? फुक्सचं घडीव ॲल्युमिनियमचं चाक १९६६ मध्ये ९११ एस वर आलं तेव्हा ते अवघं साडेचार इंच रुंद होतं. पुढे साडेपाच, मग सहा. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ वर पहिल्यांदा पुढे ६ आणि मागे ७ अशी वेगवेगळ्या रुंदीची जोडी आली, टायर १८५/७० आणि २१५/६०. तुमच्या एससीवर तीच जोडी आहे. म्हणजे आरएसची मापं तुमच्या शेडमध्ये पडून आहेत आणि तुम्ही १७ वर फिरताय! पिरेलीचा सिंटुराटो सीएन३६ याच दोन मापांत आजही नवा बनतो. तो घाला.

मागचं_इंजिन

चाकाच्या निवडीची सुरुवात टायरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण उलटं करतात. आधी फोटो पाहून चाक आवडतं, मग त्यावर बसेल तो टायर शोधतात, मग घासतंय म्हणून मडगार्डची कड दुमडतात, मग गाडी उंच किंवा खाली करतात. प्रत्येक पायरीला गाडी कारखान्याने जुळवलेल्या भूमितीपासून आणखी लांब जाते. रस्त्याला जे टेकतं ते रबर. त्या रबराला कोणता व्यास, किती रुंदी आणि किती उंच साइडवॉल हवी हे आधी ठरलं, की चाकाचे पर्याय आपोआप दोन-तीनच उरतात.

व्यास बघा. २१५/६० आर१५ चा बाहेरचा व्यास ६३९ मिमी. २२५/५० आर१६ चा सुमारे ६३१. पुढे १८५/७० आर१५ चा ६४०, २०५/५५ आर१६ चा ६३२. म्हणजे १५ आणि १६ मध्ये जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक. गिअरिंग आणि स्पीडोमीटर दोन्ही चालवून घेतात. तुमच्या १७ चा व्यासही फार लांब नाही. दणका बसतो तो साइडवॉलमुळे. १८५/७० ची साइडवॉल जवळजवळ १३० मिमी उंच, २०५/५५ ची ११३, आणि तुमच्या पुढच्या २०५/५० ची १०२. या गाडीचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या दांड्या) आणि डॅम्पर १३० आणि ११३ च्या हिशोबाने बनले आहेत, कारण एससीवर १५ मूळची आणि १६ कारखान्याचा पर्याय म्हणून मिळायची.

आता ऑफसेट, म्हणजे चाक हबला (ते ज्यावर बसतं त्या भागाला) टेकतं ती पातळी चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते. चाकावर तो ईटी म्हणून लिहितात. फुक्सच्या मापांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे. ६जे चा ऑफसेट ईटी ३६, ७जे चा २३.३, ८जे चा १०.६. हब टेकतो त्या पातळीपासून चाकाची आतली कड किती आत जाते ते काढा, म्हणजे अर्धी रुंदी अधिक ऑफसेट. ६जे: ७६.२ अधिक ३६, बरोबर ११२.२ मिमी. ७जे: ८८.९ अधिक २३.३, पुन्हा ११२.२. ८जे: १०१.६ अधिक १०.६, तरीही ११२.२. आतली कड तिन्हींत एकाच जागी, वाढणारा प्रत्येक इंच फक्त बाहेरच्या बाजूला. म्हणून ही चाकं आत कुठे घासत नाहीत. जागेचा प्रश्न आला तर तो मडगार्डपाशीच येतो, आणि तिथे तो डोळ्यांना दिसतो.

@निळी_एससी, मला तीन गोष्टी सांगा. १७ इंची चाकांच्या मागच्या बाजूला ईटीचा आकडा कोरलेला असेल, तो. स्पेसरची जाडी. आणि प्रत्येक चाकाचा एक नट हाताने काढताना किती पूर्ण फेरे बसतात ते मोजून. हे तिसरं आजच करा.

निळी_एससी

मोजलं. पुढे ७जे ईटी ५५, स्पेसर २५ मिमी. मागे ८जे ईटी ५२, स्पेसर ३८ मिमी.

फेरे: पुढे दोन्हीकडे साधारण अकरा. मागे उजवीकडे साडेसहा, डावीकडे सातच्या आत.

मागचं_इंजिन

गाडी आहे तिथेच राहू द्या. मागच्या चाकांवर ती चालवू नका.

या गाडीचे स्टड (हबमधले आटेदार दांडे, ज्यांवर नट चढतो) एम१४, म्हणजे १४ मिमी जाड, आट्यांचं अंतर १.५ मिमी. नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १४ मिमी तरी चढलेला हवा. १४ ला १.५ ने भागा, नऊच्या वर फेरे हवेत. साडेसहा फेरे म्हणजे पावणेदहा मिमी. त्यात ९११ चे नट ॲल्युमिनियमचे असतात. आजवर काही झालं नाही ते नशीब. मागे ३८ मिमीचे स्पेसर बसवताना स्टड तेवढ्या लांबीचे घातलेले नाहीत. शेडमधली १५ इंची चाकं टायर घालून येईपर्यंत थांबा.

पुढच्या घासण्याचं उत्तरही तुमच्या आकड्यांत आहे. ईटी ५५ वजा २५, म्हणजे प्रत्यक्षात ईटी ३०. आतली बाजू ८८.९ अधिक ३०, ११८.९ मिमी. मूळपेक्षा ६.७ मिमी जास्त आत, आणि त्यावर २०५ चा टायर. म्हणून पूर्ण वळवल्यावर आत घासतं. बाहेरच्या बाजूला रिम १८.७ मिमी जास्त येते. चाकाची मध्यरेषा स्टेअरिंगच्या अक्षापासून बाहेर सरकली की रस्त्याची प्रत्येक चाकोरी त्या वाढलेल्या अंतरावरून स्टेअरिंग ओढते. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत ते सगळं सरळ तुमच्या हातात येतं. रुंद आणि ताठ टायर त्यात भर घालतो.

निळी_एससी

गाडी स्टँडवर घेतली, चाकं काढून ठेवली. मनापासून आभार. हा धागा काढला नसता तर मी पुढच्या आठवड्यात लांब निघालो असतो.

टायरवाला

रोजचं काम टायरचंच आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मूळ चाकांवर टायर चढवण्याआधी नुसत्या रिमा बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. डगमग एक मिमीच्या आत असेल तर निश्चिंत राहा. आतली कड जास्त बघा. खड्ड्याचा मार तिथे बसतो आणि बाहेरून दिसत नाही. नटांच्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे का, ते रंगद्रव्याच्या तपासणीने कळतं. तीव्र आम्ल असलेलं व्हील क्लीनर लावू नका. फुक्सच्या पाकळ्यांवर ॲनोडायझिंग असतं, ते आम्लाने पांढुरकं पडतं आणि मग घासूनही परत येत नाही.

आता टायर. २०५/५५ आर१६ जगात भरपूर विकला जातो, त्यामुळे १६ म्हटलं की लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पुढचा मिटतो. मागचा २२५/५० आर१६ मात्र आता कमी कंपन्या बनवतात. आणि तुम्हाला दोन्ही मापं एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची हवीत. पुढे एक रबर, मागे दुसरं, असं मागे इंजिन असलेल्या गाडीला कधी करू नये. म्हणून १६ ची चाकं घेण्याआधी मागचं माप कोणत्या मॉडेलमध्ये मिळतंय ते पाहा, मग पुढचं.

१५ मध्ये लोक १९५/६५ आर१५ कडे वळतात, कारण तो कुठेही मिळतो. पण त्यातले बरेच एच रेटिंगचे असतात, म्हणजे २१० किमी वेगापर्यंतचे. एससीचा कमाल वेग २२५ च्या घरात. तुम्ही तेवढ्या वेगाने जाणार नाही, तरी व्ही, म्हणजे २४० वालाच घ्या. रेटिंग नुसत्या वेगाचं नसतं, ऊन आणि वेग दोन्ही मिळून टायर तापतो तेव्हा त्याची बांधणी किती टिकेल याचंही असतं. शिवाय १९५/६५ च्याच मॉडेलमध्ये मागच्या ७जे साठी २१५/६० सापडणं कठीण.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचायला विसरू नका. ११०९ असेल तर २००९ सालचा अकरावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. क्लासिक गाड्या कमी चालतात, नक्षी खोल राहते आणि रबर आतून वाळून कडक होतं. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासा, दहानंतर नक्षी कितीही असली तरी काढा. क्लासिक मापांचे टायर गोदामात पडून राहतात, त्यामुळे नवे म्हणून मिळालेल्यांचाही कोड बघा.

तारेची_चाकं

थोडं विषयांतर, पण विचारून घेतो. माझ्याकडे एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार) आहे, १४ इंची तारेची चाकं, रुंदी साडेचार इंच. सध्या १६५ आर१४. कुणीतरी १९५ घालायला सांगितलंय, गाडी भरदार दिसेल म्हणून. घालू का?

टायरवाला

नको. साडेचार इंची रिमवर १९५ ची साइडवॉल दोन्हीकडून फुगते, कड रिमवर नीट बसत नाही आणि वळणात टायर रिमवर लोळतो. शिवाय रुंद टायरचा सगळा जास्तीचा जोर तारांवर आणि स्प्लाइनवर (चाक हबवर अडकवणाऱ्या दातांवर) येतो. १६५ च ठेवा, फार तर १७५. तारांची टोकं आतून नीट घासून, त्यावर चांगली पट्टी आणि आत ट्यूब हवीच.

मागचं_इंजिन

@तारेची_चाकं, चाक काढाल तेव्हा हबच्या स्प्लाइनवर हात फिरवा. दातांची टोकं धारदार लागली तर ती झिजली आहेत. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स टाकताना ठक्क आवाज येत असेल तर ते त्याचंच. नवं चाक झिजलेल्या हबवर बसवलं की नव्याचे दातही लवकर जातात, म्हणून दोन्ही सोबत बदलायचे. ग्रीस विसरू नका.

स्पोक

फुक्ससारख्या दिसणाऱ्या नव्या चाकांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

मूळ फुक्स घडीव. बाजारातली बरीचशी प्रतिरूपं ओतीव. ओतीव वाईट असं नाही, पण तितकीच ताकद आणायची तर धातू जास्त लागतो, म्हणजे चाक जड होतं. ते वजन स्प्रिंगच्या खालचं, आणि ९११ सारख्या हलक्या गाडीला ते लगेच जाणवतं. वजनाचा आकडा विचारा, देत नसतील तर घेऊ नका. जपानी जेडब्ल्यूएल, व्हीआयए किंवा जर्मन केबीएची मान्यतेची खूण कोरलेली आहे का बघा. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. पोर्शचे नट गोलाकार बैठकीचे असतात. इतर कंपन्यांच्या चाकांना बऱ्याचदा ६० अंशांची शंकूसारखी बैठक असते. गोल नट शंकूत घातला की तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेघेवर टेकतो. पाना कटकट वाजतो, आकडा बरोबर दाखवतो, आणि काही किलोमीटरनंतर नट सैल. नव्या चाकांसोबत त्यांचेच नट घ्या आणि दोन प्रकारचे नट एका डब्यात ठेवू नका.

मधल्या भोकाचं मापही विचारा. ९११ च्या हबला ७१.६ मिमी लागतं. मोठं असेल तर तेवढ्या मापाची रिंग घाला, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं. मग माणूस बॅलन्सिंगच करत बसतो.

वळणदार

सगळं मान्य. पण १६ बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. कारखान्यानेच १९७७ च्या टर्बोवर १६ आणली, एससीला पर्याय म्हणून दिली. तेव्हाच्या अभियंत्यांना १५ पुरेशी वाटली असती तर ते तिथेच थांबले असते. आणि पुढे ७जे घातल्याने गाडीचं नाक जास्त विश्वासाने वळतं.

मागचं_इंजिन

नाक जास्त वळतं हे खरं, आणि माझी काळजी तिथेच आहे. एससीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं. मागचे टायर रुंद ठेवले ते शोभेसाठी नव्हे. घाटात उतारावर वळणाच्या मध्यात घाबरून पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची पकड सुटते आणि शेपूट बाहेर येते. पुढची पकड वाढवली आणि मागची तेवढीच ठेवली, तर ते आणखी लवकर होतं. तुम्ही पुढे ७ आणि मागे ८ म्हणता, म्हणजे प्रमाण राखता, त्याला माझी हरकत नाही. लोक पुढे ७ घालून मागेही ७ च ठेवतात, त्याला आहे. उलट नुसता मागचा टायर वाढवला की गाडी वळायला नकार देते, नाक सरळ पुढे जातं.

लांबचे प्रवास आणि घाट, ट्रॅक नाही, असं धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्या वापरासाठी ६ आणि ७ वर हलकं स्टेअरिंग आणि हळूहळू सुटणारी पकड मला जास्त मोलाची वाटते. उंच साइडवॉलचा टायर सुटण्याआधी बराच वेळ सांगत राहतो.

वळणदार

सांगत राहतो हे कबूल. मी स्वतः १६ वरच राहीन.

जुनं_ते_सोनं

आणि फुक्सच्या पाठीमागे माप, भाग क्रमांक, महिना-वर्ष कोरलेलं असतं. @निळी_एससी, चारही चाकांची तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या जरा आधीची असेल तर ती तुमच्याच गाडीची. तसा संच एकत्र राहणं आता दुर्मीळ आहे. विकू नका.

निळी_एससी

पाहिलं. चारही चाकांवर १९७९ चे शेवटचे महिने आहेत. गाडी १९८० च्या सुरुवातीची. हे वाचून हात थांबले क्षणभर.

ठरलं. १५ वर परत. चारही रिमा मशीनवर फिरवल्या. तीन सरळ, मागच्या एकीची आतली कड किंचित दबलेली, ती घडीव चाकांचं काम जाणणाऱ्याकडे दिली आहे. टायर सीएन३६, १८५/७० आणि २१५/६०, दोन्हींचा तारीख कोड मागवण्याआधी कळवायला सांगितलाय. १६ चा विचार सोडलेला नाही, पण तो दुसरा संच म्हणून, नंतर.

दोन शंका. स्पेसर काढल्यावर स्टड बदलावे लागतील का? आणि अलाइनमेंट कधी करू?

मागचं_इंजिन

स्टड बदला. स्पेसरसाठी घातलेले लांब स्टड स्पेसर काढल्यावर नटाबाहेर डोकावत राहतात. नट आरपार असेल तर नुसतं वाईट दिसतं. पण कुणी बंद टोकाचा नट लावला तर तो स्टडच्या टोकाला टेकून थांबतो, चाक घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात सैल असतं. मूळ लांबीचे घाला, तेही चारही बाजूंना नवे, कारण मागचे इतके दिवस अपुऱ्या आट्यांवर ताण सोसत होते.

अलाइनमेंट टायर चढवल्यावर, आधी नाही. आणि त्याआधी गाडीची उंची मोजून घ्या. १७ ची चाकं बसवणाऱ्यांनी टॉर्शन बार फिरवून ती खाली केली असेल तर आधी मूळ उंचीला आणा.

टायरवाला

नट हाताने चढवायचे, वाऱ्याच्या गनने नाही. ताऱ्याच्या क्रमाने, गाडी जमिनीवर उतरवून, टॉर्क पान्याने १३० एनएम. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. हवा थंड टायरमध्ये पुढे २९, मागे ३४ पीएसआय. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो, सुरुवातीचे दोनशे किलोमीटर वळणं आणि ब्रेक जपून.

निळी_एससी

टिपून घेतलं. एक राहिलं, स्टेपनी. पुढच्या डिकीत ती घडी होणारी १६५-१५ आहे, सोबत छोटा कॉम्प्रेसर. कधी उघडलेलीच दिसत नाही. चालेल का?

टायरवाला

तिचाही कोड वाचा. मूळची असेल तर रबर कधीच गेलंय, भरताना फुटू शकते. चाकाशेजारी उभं राहून हवा भरू नका. कॉम्प्रेसर चालतो का ते घरीच बघा. आणि ती ८० च्या वर न्यायची नसते.